उभ्या माणसाचं माप

तिला सगळे हळूबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि ती ओ द्यायची. जंगलाच्या फाटकापाशी पहाटे गाड्यांची रांग लागली की मागच्या ड्रायव्हरांची नुसती तडफड व्हायची. तिथे हॉर्नला बंदी. मग ते खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ओरडायचे, "अगं हळूबाई, फिरतात का गं तुझी चाकं, की शोभेला लावलीयेस?" ती वळूनसुद्धा बघायची नाही. "घाई असेल तर उतरा आणि चालायला लागा," म्हणायची. "तुम्हाला पाय आहेत."

 बिचारे मुंडकं परत आत घ्यायचे.

उंची म्हणाल तर साडेचार फूट, तीही चपला धरून. सीटवर दोन उशा एकावर एक ठेवल्याशिवाय तिला पुढचा रस्ता दिसायचा नाही. वय पन्नाशीच्या पुढे, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण चालवायला बसली की हातात लोण्याचा गोळा असल्यासारखी चालवायची. याला कारण होतं.

तिचा मोठा भाऊ, दादा, या जंगलात वनरक्षक होता. वीस वर्षं पायी हिंडला. एके दिवशी टेहळणीच्या मचाणावर चढताना कुजकी पायरी निखळली. त्या पायरीबद्दल त्यानं स्वतः तीनदा लिहून दिलं होतं. खाली आला तो पाठीवर. तेव्हापासून अकरा वर्षं तो चाकाच्या खुर्चीत होता. हळूबाई त्या वेळी भाजीचा टेम्पो चालवायची. व्यायामासाठी त्याला दोन वर्षं आठवड्यातून दोनदा इस्पितळात नेण्याचं काम तिच्याकडे आलं. त्या दोन वर्षांत तिला कळलं, की खड्डा आला की आपण नकळत पायावर जोर देऊन धक्का झेलतो. ज्याचे पाय ऐकत नाहीत त्याचा धक्का थेट मानेत जातो. दादा बोलायचा नाही, फक्त डोळे मिटून घ्यायचा. ती त्या मिटलेल्या डोळ्यांसाठी हळू चालवायला शिकली.

आणि मग तिच्या डोक्यात आलं, की खुर्चीतल्या माणसांना जंगल दाखवायचं. म्हणजे खरंतर तिला दादाला न्यायचं होतं. ते तिनं त्याला सांगितलंही. दादानं टेम्पो कापला, त्याचा तळ खाली आणला, मागे दुमडणारी लोखंडी फळी बसवली, दोन खुर्च्यांची जागा केली, एकेका खुर्चीला चार-चार पट्टे लावले. पडल्यानंतर तो वेल्डिंग शिकला होता आणि हात तर त्याचा असा होता की सांधा शोधून सापडू नये. गाडीचा खुळखुळाट होऊ नये म्हणून त्यानं प्रत्येक सांध्यात सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून भरल्या. सगळं केलं. बसला मात्र नाही.

"मी सामान नाही, पट्ट्यांनी बांधून न्यायला," तो म्हणाला. "ज्या फाटकातून वीस वर्षं चालत गेलो तिथून मला असं नेणार? आणि सगळे बघणार? जमायचं नाही."

"अरे, पण मी तुझ्यासाठीच…"

"लोकांना ने. लोक येतील."

लोक आले. सहा वर्षांत चारशेच्या वर आले. कोणी जन्मापासून खुर्चीतलं, कोणी अपघातानंतरचं, कोणी म्हातारपणानं गुडघ्यांनी दगा दिलेलं. हळूबाईचे नियम ठरलेले. बोलायचं ते खुर्चीतल्या माणसाशी. "यांना पाणी हवंय का?" असं सोबत्याला विचारलेलं तिला खपायचं नाही. "त्यांना तोंड आहे, त्यांनाच विचारा," म्हणून ती सख्ख्या मुलांनासुद्धा झापायची. चाकांतली हवा थोडी कमी ठेवायची म्हणजे गाडी मऊ चालते. खाली गादी नीट आहे का, हे हात घालून बघायचं. पट्टा आवळायच्या आधी विचारायचं, आवळल्यावर पुन्हा विचारायचं. एवढी काळजी तर आईसुद्धा घेत नाही हो.

आणि तिला एका गोष्टीचा फार म्हणजे फार अभिमान होता. ओढ्याकाठी अस्वलीण दिसली, किंवा पाणमांजरं खेळताना दिसली, की गाडीतली माणसं मान झुकवायची. सगळी नाही, पण बरीचशी. खाली मान घालून, वाकून, गप्प बसायची. "मोठ्या माणसापुढे आपली मान खाली जाते ना, तश्शी!" हळूबाई घरी येऊन दादाला सांगायची. "माझी माणसं जंगलापुढे वाकतात. त्या उभं राहून फोटो काढणाऱ्यांना आहे का ही समज?" दादा हुं म्हणायचा आणि आपलं काम करत राहायचा.

आता ऐका पुढे काय झालं ते.

एकदा एक बाई आल्या. सत्तरीच्या, काटक, अंगावर इस्त्रीचे कपडे. चाळीस वर्षं कोर्टात टाइप करत होत्या, म्हणून त्यांना टायपिस्टबाई म्हणू. तीस वर्षांमागे सांध्यांचं दुखणं लागलं, आधी पाय गेले, मग मान धरली. मान म्हणजे खुंटी झाली होती. डावीकडे बघायचं तर खुर्ची डावीकडे वळवायची. बरोबर भाची होती, हसतमुख, आणि सारखी "मावशी, छान आहे ना?" विचारणारी.

सकाळची फेरी सोन्यासारखी झाली. अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन ओढ्यात उभी होती, हाकेच्या अंतरावर. हळूबाईनं गाडी बंद केली, पाव तास हलवली नाही. परत आल्यावर झाडाखाली चहा देताना तिच्या आनंदाला नुसतं उधाण आलं होतं.

"काय मग बाई! बघितली ना आमची अस्वलीण? पिल्लांसकट! असं वर्षातून दोनदा होत नाही."

"पाइप बघितला," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"काय?"

"पाइप. समोरचा. चांगला जाड आहे. हिरवा रंग दिलाय. एका ठिकाणी पोपडा निघालाय."

"मावशी!" भाची लाजेनं अर्धी झाली. "अहो, त्या गंमत करतात."

"गंमत कसली? अस्वलाचे पाय दिसले, पाण्यातले. पाठीचा वरचा केस न् केस दिसला. मधलं अस्वल पाइपमागे होतं." बाईंनी चहाचा घोट घेतला. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचं खोटं टाइप केलंय. स्वतः बोलायची सवय लागली नाही."

हळूबाईचा चेहरा लाल झाला. "अहो बाई, सहा वर्षं ही गाडी चालतेय. चारशे माणसं बसून गेली. एकानंही तक्रार केली नाही!"

"ज्यांना वाकता आलं, ते वाकून बघत असतील. मला वाकता येत नाही."

 वाकलेल्या त्या माना हळूबाईच्या डोळ्यांसमोर आल्या. एकेक करून.

"आणि ज्यांना वाकता आलं नाही ते काय म्हणाले, तेही सांगते," टायपिस्टबाई शांतपणे म्हणाल्या. "'फार छान झालं' म्हणाले असतील. मीही तीस वर्षं तेच म्हणतेय. उचलणाऱ्याला फार छान, ढकलणाऱ्याला फार छान, दारातच विसरून जाणाऱ्यालाही फार छान. आपल्याला नेलं हेच काय थोडं, असं वाटतं बघ. आज कंटाळा आला मला. राग मानू नकोस. पट्टे तू फार प्रेमानं बांधतेस."

भाची हळूबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "मनावर घेऊ नका हो. परवा दुपारी आम्ही निघतोय. मान आता आणखी धरत चाललीय. पुढच्या वर्षी प्रवास जमणार नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळे जरा चिडल्यात."

झालं. हळूबाई तशीच उलट फिरली आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "परवा पहाटे तुम्हाला पुन्हा नेते. पाइप मध्ये येणार नाही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तो पाइप म्हणजे काही टॉवेल टाकायची दांडी नव्हती, की काढली आणि ठेवली. तो गाडीचा कठडा होता. कठडा हवाच, आणि तो उभ्या माणसाच्या छातीइतका उंच हवा, असा वनखात्याचा नियम. सगळ्या गाड्यांना एकच. आणि तो कठडा असा वितळवून जोडलेला, की दादाशिवाय दुसऱ्या कोणाच्या बापाला सुटणार नव्हता.

माणसं गेल्यावर ती गाडीत चढली. मागे तिनं एक जुनी खुर्ची ठेवलेली असायची, ती जागेवर लावून बसली. समोर सगळं स्वच्छ. झाडं, फाटक, चहाची टपरी. पाइप कपाळाच्या वर. "खोटारडी म्हातारी," ती पुटपुटली. मग कोण जाणे काय वाटलं, उठली, ड्रायव्हरच्या सीटवरच्या दोन्ही उशा आणल्या, त्या खुर्चीत टाकल्या आणि वर बसली.

फाटक गेलं. टपरीही गेली. डोळ्यांसमोर हिरवा पाइप, आणि त्याला खरंच एका ठिकाणी पोपडा होता.

 मग तिनं पाहुण्यांची वही काढली. फेरी संपल्यावर त्यात प्रत्येक जण नाव, फोन आणि चार शब्द लिहायचा. ती वही तिला पाठ होती, तरी तिनं पहिल्या पानापासून वाचली. 'व्यवस्था उत्तम.' 'ताई फार प्रेमळ.' 'कधी विसरणार नाही.' 'गाडी अजिबात हादरत नाही.' 'इतक्या आपुलकीनं कोणी नेलं नव्हतं.' पानंच्या पानं असलं कौतुक. आणि अख्ख्या वहीत एकाही प्राण्याचं नाव नव्हतं. अस्वल नाही, पाणमांजर नाही, साधं हरीणसुद्धा नाही! सहा वर्षं रोज चाळत होती ती वही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी घरी आली ती दाणदाण पाय आपटत. दादा अंगणात शेडखाली कोणाच्या तरी दाराची कडी जोडत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"नियमाप्रमाणे केलंय. मोजून."

"कोणाला मोजून?"

"उभ्या माणसाच्या छातीला. आणि तूच बसून बघितलं होतंस ना? तूच म्हणालीस, खालून सगळं दिसतंय."

"मी साडेचार फूट आहे रे!" ती किंचाळली. "मला टेबलाखालूनसुद्धा सगळं दिसतं!"

"मग दुसऱ्या कोणाला तरी बसवायचं होतंस."

"कोणाला बसवायचं होतं? खुर्चीत बसणारं माणूस या घरात एकच होतं, आणि ते म्हणत होतं, मी सामान नाही!"

दादाच्या हातातली कडी हातातच राहिली. शेजारच्या अंगणातली कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा थबकली. तसं बोलायला नको होतं, हे हळूबाईला बोलता बोलताच कळलं, पण आता काय उपयोग? दादानं चष्मा खाली ओढला आणि काम पुढे सुरू केलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. 

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "मीच कापते."

आणि खरोखरच तिनं त्याचं कापायचं यंत्र उचललं. आयुष्यात एकदाही हातात धरलं नव्हतं. अंगणात उभ्या असलेल्या गाडीत चढली, बटण दाबलं, पातं पाइपला टेकवलं. असा काही कर्कश आवाज झाला आणि अशा ठिणग्या उडाल्या, की शेजारीण घरात पळाली. यंत्र उडून हातातून निसटता निसटता राहिलं.

"बंद कर! अगं बंद कर ते!" दादा खुर्ची ढकलत गाडीच्या मागे आला होता. "हात तोडून घेशील! मग गाडी काय नाकानं चालवणार आहेस?"

"चालवीन! पण परवा पहाटे हा पाइप इथे असणार नाही."

"अगं पण कुठे कापायचं हे तरी कळतंय का तुला? किती खाली घ्यायचा? छातीला आधार राहिला पाहिजे, नाहीतर वळणावर माणूस पुढे जाईल."

"मग तू सांग किती ते."

"इथून कसं सांगणार?"

 असं म्हणून तो ती फळी बघत राहिला. त्यानंच बनवलेली, त्यानंच घासून गुळगुळीत केलेली. मग दोन्ही हातांनी चाकं धरली आणि चढायला लागला. फळीच्या टोकाशी पुढची छोटी चाकं ठक्कन अडली.

"इथे कड वर आलीय," तो म्हणाला.

"हो. मी दर वेळी मागून जोर लावते."

"दर वेळी? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू एवढ्या मेहनतीनं केलेली. कसं सांगायचं?"

दादानं तिच्याकडे असं बघितलं, की तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते. तिनं मागून जोर लावला. खुर्ची आत गेली, जागेवर बसली. दादा चांगला उंच माणूस. त्यानं समोर बघितलं.

आवाज थांबल्यामुळे शेजारीण पुन्हा कपडे वाळत घालायला आली होती. पाइपच्या वर तिचे दोन हात होते, पाइपखाली तिचं पोट होतं. डोकं कुठे होतं, देव जाणे. दादा ते बघत राहिला. एकदा वाकला, तेव्हा डोकं दिसलं. पण वाकल्यावर पट्टा नसल्यानं तोल गेला, आणि त्याला पाइपलाच धरून सावरावं लागलं.

"किती माणसं बसली म्हणालीस?"

"चारशे अकरा."

"मी पहिल्या दिवशी बसलो असतो, तर…" तो म्हणाला.

इथे खरंतर हळूबाईला चांगली संधी होती. सहा वर्षं साठवलेलं होतं तिच्याकडे, एका वाक्यात त्याचं पाणी केलं असतं. पण तिनं खडू काढून त्याच्या हातात दिला. त्यानं स्वतःच्या छातीवर हात आडवा धरला, आणि बाजूच्या खांबावर रेघ मारली.

दुसरा अख्खा दिवस तो त्या गाडीतून उतरला नाही. जेवणही तिथेच. नुसता पाइप खाली आणला असता तर हळूबाईसारखीच्या नाकाशी आला असता. म्हणून त्यानं खांबांमध्ये भोकं पाडली, कठडा वरखाली सरकेल असा केला, आणि हव्या त्या उंचीला अडकवायला पिना केल्या. ज्याची जशी छाती, तसा कठडा. फळीची कड घासून सपाट केली. पिना वाजू नयेत म्हणून पुन्हा सायकलच्या ट्यूबा. संध्याकाळी हात पुसत म्हणाला, "पिना गाडी चालताना वाजतात का, ते इथे उभ्या गाडीत कळायचं नाही. आवाज झाला तर अस्वल पळून जाईल. मागे बसून ऐकायला कोणीतरी हवं."

"हो ना," हळूबाई म्हणाली. "कोणीतरी हवंच. कोणाला सांगू?"

"आता मलाच यावं लागेल, दुसरं काय!" तो खेकसला.

ती घरात गेली आणि मोरीत नळ सोडून मनसोक्त रडली. नळ कशाला सोडला असेल हे दादाला कळत नव्हतं थोडंच.

पहाटे दोन खुर्च्या गाडीत शेजारी शेजारी लागल्या. एक टायपिस्टबाईंची, एक दादाची. हळूबाईनं दोघांचेही पट्टे बांधले, दोघांनाही विचारून. दादानं दात आवळून सगळं बांधून घेतलं. बाईंना त्याच्याकडे बघायला खुर्चीसकट वळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी समोर बघूनच विचारलं, "पाइप तुम्हीच बनवला होता का?"

"हो."

"वेल्डिंग सुरेख होतं."

दादाला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

फाटकावर त्याचा जुना जोडीदार होता, आता फाटक सांभाळणारा. दादा पडल्यानंतर तो दोनदा घरी येऊन गेला होता, दोन्ही वेळा दादानं झोपल्याचं सोंग घेतलं होतं. फाटकवाल्यानं आत डोकावून बघितलं. दादानं नजर पायांकडे वळवली.

"आलास?" फाटकवाला म्हणाला.

"आलो."

"अकरा वर्षं लावलीस. या बाईच्या गाडीतून यायचं म्हणजे एवढा वेळ लागायचाच." मग त्याची नजर कठड्यावर गेली आणि त्याच्यातला सरकारी माणूस जागा झाला. "हे काय? कठडा खाली कसा? नियम माहीत आहे ना तुला?"

"उभ्या माणसाच्या छातीइतका."

"मग?"

"या गाडीत उभं कोण राहतं?" दादानं विचारलं. फाटकवाला डोकं खाजवायला लागला. दादानं आपल्यासमोरच्या पिना काढल्या, कठडा वर नियमाच्या उंचीला नेला आणि म्हणाला, "आत ये. माझ्या शेजारी उकिडवा बस. डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आण. आता तुझं फाटक बघ."

फाटकवाल्याचे गुडघे कटकट वाजले. बसला. बघितलं. जरा इकडे सरकला, जरा तिकडे सरकला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं…?"

"हो."

तो उठला, स्वतःच्या हातानं कठडा खाली केला, पिन घातली, ओढून बघितली. "साहेबांना मी सांगतो," म्हणाला. "जा. अस्वलीण ओढ्यावरच आहे."

पिना वाजल्या नाहीत. ओढ्याच्या वळणावर गाडी थांबली. धुकं पाण्यावरून वर सरकत होतं. अस्वलीण एकेक दगड उलटत होती, खालचं काहीबाही चाटत होती. एक पिल्लू तिच्या पायात घुटमळत होतं. दुसरं दगडावर चढलं, घसरलं, धप्पकन पाण्यात बसलं आणि आपल्याला कोणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं आजूबाजूला बघायला लागलं. अस्वलिणीनं तोंड वर केलं आणि थेट गाडीकडे पाहिलं. ओलं नाक, बारीक डोळे, सगळं.

हळूबाई सवयीनं मागे वळली. 'दिसलं का?' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. टायपिस्टबाईंची मान ताठ होती, नजर सरळ पुढे, आणि मांडीवर दोन्ही हातांची वाकडी बोटं हलत होती. त्या टाइप करत होत्या. एकेक दगड, एकेक पिल्लू उतरवून घेत होत्या. भाचीनं एकदाही "छान आहे ना?" विचारलं नाही.

आणि दादा रडत होता. उगाच आडवळणानं कशाला सांगू? मोठा माणूस, खांदे हलवून रडत होता. ज्या ओढ्यात वीस वर्षं पाय बुडवून चालला, तो त्याला अकरा वर्षांनी दिसत होता. पण तेवढंच नव्हतं. हळूबाईला त्याचं पुटपुटणं ऐकू आलं. "चारशे अकरा," तो म्हणत होता. "चारशे अकरा माणसं आली होती गं इथपर्यंत."

टायपिस्टबाई निघताना वहीत लिहायला तयार झाल्या नाहीत. बोटांनी पेन धरवत नाही म्हणाल्या. भाचीला सांगून लिहवून घेतलं, पूर्णविरामासकट: 'अस्वल एक. पिल्लं दोन, त्यातलं धाकटं धांदरट. मी बघितलं.'

गाडी घरी आली तरी दादा आत गेला नाही. अंगणातच बसला. "ती वही आण," म्हणाला. "आणि फोन आण."

"कशाला?"

"बोलवायचं सगळ्यांना परत. मीच सांगणार. चूक माझी आहे."

"अरे, चारशे अकरा फोन?"

"मला कुठे जायचंय?"

पहिल्या पानावरचा पहिला माणूस म्हणजे एक घड्याळं दुरुस्त करणारा. सहा वर्षांपूर्वी उद्घाटनाच्या फेरीला आला होता. दादानं फोन लावला, आवाज मोठा केला म्हणजे हळूबाईलाही ऐकू येईल. ओळख दिली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कठडा, माप, चूक. 

"मला माहीत आहे," घड्याळवाला म्हणाला. "पाइप होता. हिरवा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत हो?"

"अहो, तुमची बहीण किती खूश होती! दर दोन मिनिटांनी वळायची, 'दिसलं का? दिसलं का?' मला वाकूनही अस्वल धड दिसत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता. मला जंगल दाखवायला कोणी असं आसुसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिला नाही म्हणवेना हो. दिसलं म्हटलं."

हळूबाईनं फोन हिसकावून घेतला. "नाही म्हणायचं!" ती ओरडली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नाही दिसलं तर नाही म्हणायचं! तोंड कशाला दिलंय? सहा वर्षं मला वेड्यात काढलंत सगळ्यांनी मिळून! आता ते काही नाही, मुकाट्यानं परत यायचं. कधी येता, सांगा."

पलीकडे घड्याळवाला हसला. मग त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"या वेळी वाकावं लागणार नाही ना?"

 दादानं तिच्या हातातून फोन घेतला.

"नाही," तो म्हणाला. "मी बसून बघितलंय."